माचिस हाय का?

"तुम्ही बिडी पिता का?" असं त्यांनी कधी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. ते समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवत, इकडेतिकडे पाहत आणि अगदी सहज म्हणत, "माचिस हाय का गा?" समोरचा माणूस नुकताच माझ्या टेबलावर छातीठोकपणे सांगून आलेला असे की आपण त्या वाटेला कधी गेलोच नाही. पण माचिस मागितली की त्याचा हात आपोआप खिशात जाई आणि काडेपेटी बाहेर येई. टाइमकीपर ती कानाजवळ नेऊन हलवत, परत देत आणि माझ्याकडे वळून सांगत, "लिहा मॅडम. बिडी. रोजचा एक बंडल. अर्धी पेटी खाली हाय."

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. हिंगण्याच्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी तीसेक वर्षं टाइमकीपरची नोकरी केली होती. कोण किती वाजता आत आला, कोण किती वाजता बाहेर गेला, हे लिहायचं. निवृत्त झाले तरी नोकरी डोक्यातून गेली नव्हती. मी स्कूटी स्टँडवर लावायच्या आतच त्यांचा आवाज यायचा, "नऊ सत्तावीस, मॅडम." माझी वेळ साडेनऊची होती. तरीही आपलं काहीतरी चुकलं असं वाटायला लावण्याची ताकद त्या आवाजात होती. घड्याळ ते उजव्या हातात बांधत, कारण डावा हात बिडीचा होता आणि बिडीच्या हाताला दुसरं काम देणं त्यांना पसंत नव्हतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नागपूरच्या प्रताप नगरातून रोज हिंगण्याला जायचे आणि फॉर्म नीट भरले की जगातले सगळे प्रश्न सुटतात, असं माझं ठाम मत होतं. एका धर्मादाय रुग्णालयाने फुप्फुसांच्या कॅन्सरच्या तपासणीचा प्रकल्प काढला होता, त्यात मी कामाला होते. वर्षानुवर्षं बिडी-सिगरेट ओढणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसांचा कमी किरणांचा सीटी स्कॅन मोफत करायचा. काही दुखायच्या, खोकल्यातून रक्त पडायच्या आधीच गाठ सापडली तर माणूस वाचायची आशा मोठी असते. उशीर झाला की डॉक्टरांच्या हातात फारसं काही राहत नाही. एवढं साधं काम होतं आणि आम्ही त्याची पार माती करून ठेवली होती.

पहिल्या महिन्यात कोण आलं? कडक इस्त्रीच्या पँटमधले निवृत्त साहेब आले. त्यांनी सिगरेट केव्हाच सोडली होती आणि त्यांच्या हातात वर्तमानपत्रातल्या बातमीचं कात्रण होतं. दोघं तर सकाळच्या फिरण्यावरून परस्पर, कॅनव्हासच्या बुटांसह आले. रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर कारखान्यांच्या रांगा होत्या, तिथले मजूर मात्र येत नव्हते. कसे येतील? तपासणी बुधवारी दहा ते एक, म्हणजे बरोबर पहिल्या पाळीत. कंत्राटी माणसाचा खाडा व्हायचा. तरीही जे थोडे आले त्यांना मी परत पाठवलं. फॉर्मवर प्रश्न होता, "रोज किती सिगरेट?" ते म्हणत, "एकपण नाही." मी शून्य लिहायचे, कॉम्प्युटर "पात्र नाही" म्हणायचा आणि मी तेच हसून सांगायचे. ते खूश होऊन जायचे. "चला, मॅडमनं सांगितलं, आपल्याले काही नाही." हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

मग एक दिवस हे गृहस्थ अशा तिघांना पुढे घालून माझ्या टेबलासमोर उभे राहिले. उंच, वाळलेले, पांढरा बुशशर्ट. खिशाला भाजल्याची तीन बारीक भोकं.

"यायले तुम्हीच वापस पाठवलं का?"

"ते पात्र नाहीत, काका. ते सिगरेट ओढत नाहीत."

त्यांनी खिशातून एक बिडी काढली आणि माझ्या फॉर्मवर, बरोबर त्या प्रश्नावर आडवी ठेवली. "हे काय हाय मंग? अगरबत्ती?"

मी लगेच पहिल्याला बिडीचं विचारलं. "पण हे म्हणतात रोज दोनच ओढतात."

टाइमकीपर पहिल्याकडे वळले. डोळे मिटले आणि मंत्र म्हणावा तसं म्हणू लागले, "आठ पस्तीस, लेथच्या मांगं. दहा पाच, संडासात. पावणेबारा, कॅन्टीनच्या भिंतीले टेकून. एक वीस. दोन पन्नास, गेटकडे येता येता रस्त्यात आनखी एक. मी गेटवर होतो ना गा. सारं लिहिलं हाय." तो मजूर पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागला. बाकीचे दोघं आपली पाळी यायच्या आत स्वतःहूनच खरा आकडा बोलले.

आवाज ऐकून आमचे डॉक्टर बाहेर आले. तरुण, तळमळीचे, पण नागपूरचा उन्हाळा आणि नागपूरची माणसं दोन्हींपुढे हतबल झालेले. त्यांनी फॉर्मवरची बिडी उचलली, थोडा वेळ बघितली आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात फॉर्मवर बिडीचा रकाना आला आणि टाइमकीपर आमच्याकडे कामाला आले.

आल्याआल्या त्यांनी माझं लाडकं पोस्टर काढलं. त्यावर काळंठिक्कर फुप्फुस होतं आणि खाली मी स्वतः रचलेलं यमक होतं. "मॅडम, मेलेल्या मानसाचा फोटो पाहून जित्ता मानूस आत काहून येईन?" असं म्हणून त्यांनी ते उलटं करून टेबलावर अंथरलं आणि त्यावर पोह्यांच्या प्लेटा ठेवल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा मला जास्त राग आला.

नोंदणीचं टेबल त्यांनी रुग्णालयातून उचलून कारखान्याच्या गेटसमोरच्या पानठेल्यावर नेलं. वेळ पाळी सुटायची. कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला गाठून, घरी जाणारी बस रुग्णालयावरून वळवून न्यायला लावली. आणि एक नियम केला, "पहिले फोटो, मंग प्रवचन." सीटी स्कॅनला ते फोटोच म्हणत. फोटो निघेपर्यंत बिडी सोडा असं कोणी बोलायचं नाही, डॉक्टरांनीसुद्धा नाही. फोटो निघाला की ते स्वतः त्या माणसाचा दंड धरून बिडी सोडवण्याच्या समुपदेशनाच्या खोलीत नेऊन बसवत आणि बाहेरून कडी लावायलाही कमी करत नसत. एकदा आमच्या काउंटरवरची मुलगी कोणाला तरी म्हणाली, "पिताच कशाला? आणि मग इथे गर्दी करता." टाइमकीपर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "बाई, बिडी पेते म्हून मानूस अर्धा नाही होत. पुरा मानूस हाय तो. खुर्ची द्या त्याले." तिने खुर्ची दिली. पुढे ती पाणीही द्यायला लागली.

खर्रा खाणाऱ्यांची तोंडं बाजूच्या खोलीत तपासत, त्यांच्यावर मात्र टाइमकीपरांचा विशेष राग होता. सुपारी-तंबाखू-चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटत कोणी रांगेत उभा राहिला की ते लांबूनच ओरडत, "खर्रावाले तोंडाच्या खोलीत! हे लाइन छातीची हाय!"

उमरेडकडच्या विणकर घरातली एक म्हातारी मुलाबरोबर आली होती. मुलगा बिडी ओढायचा, तिचं काही काम नव्हतं. बायकांना आम्ही बिडीचं विचारतच नव्हतो. विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं. टाइमकीपर तिच्या बाजूला जाऊन बसले. आधी मागाच्या गोष्टी झाल्या, मग किनारीच्या, मग हळूच, "माचिस हाय का वं माय?" म्हातारीने पदराची गाठ सोडली. आत दोन वेलदोडे, बसचं तिकीट आणि काडेपेटी. मुलगा आ वासून बघत राहिला. "मांडीवर होता तू, तवापासून पेतो मी," म्हातारी त्याला म्हणाली, "मागाच्या खट् खट् आवाजात तुले कधी खोकला आयकू आला नाही." त्या दिवसापासून आम्ही बायकांनाही विचारू लागलो.

आता मुद्द्याचं. हा माणूस स्वतः दिवसाला दीड बंडल ओढायचा. वय चौसष्ट. खोकला असा, की पानठेल्यावरची कुत्री उठून जागा बदलत. साऱ्या हिंगण्याचे फॉर्म त्यांनी भरले, एकच फॉर्म कोरा होता, त्यांचा. मी रोज त्यांच्यासमोर ठेवायचे आणि ते रोज नवं कारण सांगायचे. आज पोट साफ नाही. आज शनिवार हाय. मी संतापून एकदा म्हटलं, "लोकांना सांगे ब्रह्मज्ञान! तुम्हाला काही झालं ना, तर मी रडायलाही येणार नाही." ते फॉर्मच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "इथं काय लिहून हाय?"

"जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि फोन. काही निघालं तर आम्ही त्यांना कळवतो."

"मले बायको नाही, लेकरू नाही. एक दादा हाय. दादाले मालूम पडन ना."

"काय?"

"का मी बिडी पेतो म्हून."

मला आधी वाटलं चेष्टा करताहेत. पण चेहरा गंभीर होता. सावनेरजवळच्या खेड्यात त्यांचे थोरले भाऊ होते, दहा वर्षांनी मोठे, जिल्हा परिषदेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. थोरल्यांसमोर बिडी ओढायची नाही, हा त्या घरातला कायदा होता. चौसष्ट वर्षांचा हा माणूस गावी जायचा तेव्हा बस सुटायच्या आधी मूठभर बडीशेप चावायचा, खिसे झटकायचा आणि माचिस पायमोज्यात लपवायचा.

या कायद्यामागे एक थापड होती. ती गोष्ट ते ठेल्यावर दर आठवड्याला सांगत. ते वीस वर्षांचे असताना गोठ्याच्या भिंतीतल्या दिवळीत बिडीचं बंडल सापडलं. वडील माळकरी. घरात हलकल्लोळ झाला. दादा तोवर मास्तर होऊन घरातला शहाणा ठरला होता. त्याने पुढे होऊन, सगळ्या घरासमोर, याच्या कानफटात वाजवली. "आन मजा पाहा," टाइमकीपर सांगत, "तो बंडल माहा नव्हताच! तवा मी बिडीले हात बी लावला नव्हता. आमच्या सालदाराचा असन. मंग मी म्हटलं, मार तर खाल्ला. आता फुकट काहून जाऊ द्याचा? दुसऱ्या दिवशी सुरू केली." त्या सालदाराशी, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणाऱ्या गड्याशी, ते त्यानंतर आयुष्यात धड बोलले नाहीत. दादावर मात्र राग नव्हता. "दादानं मारलं ते बराबरच होतं," म्हणत, "बंडल माहा असता तर."

आणि मग आमचं नोंदणी शिबिर नेमकं त्याच गावात ठरलं. आसपासचे कोळसा खाणीतून निवृत्त झालेले लोक येणार होते. गावाने सांगून टाकलं, उद्घाटन गुरुजींच्याच हस्ते. बातमी ऐकून टाइमकीपर दोन दिवस रजेवर जायच्या गोष्टी करू लागले. मी रजा नामंजूर केली. मला तो अधिकार नव्हता, पण त्यांना ते माहीत नव्हतं.

शाळेच्या मोठ्या वर्गात सतरंज्या अंथरल्या होत्या. एका बाजूला पन्नाशी-साठीचे पुरुष, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायका, सुना, लेकी. मंचावर गुरुजी होते. चौऱ्याहत्तरीतही ताठ, पांढरं धोतर, खादीची बंडी. समई उभी होती. उद्घाटन अकराचं होतं. माझ्या यादीत तेल होतं, वाती होत्या, हार होता, श्रीफळ होतं. काडेपेटी नव्हती.

मी माइकवरून विचारलं, "कोणाकडे काडेपेटी आहे का?"

बिडी पिणाऱ्यांसाठीच बोलावलेली ती सभा होती आणि पन्नास माणसांत एक काडेपेटी निघेना. कारण समोर सून बसली होती, बाजूला सासरा बसला होता. सगळे एकाच वेळी छताच्या पंख्याकडे पाहू लागले. एकाच्या खिशातून पेटीचा चौकोन स्पष्ट दिसत होता, त्याने छातीत कळ आल्यासारखा त्यावर हात धरला. मी आशेने टाइमकीपरकडे बघितलं. त्यांचा डावा पाय किंचित मागे सरकला आणि तेही पंख्याकडे पाहू लागले. डॉक्टर हातात मेणबत्ती धरून उभे. पाच मिनिटं झाली. सात झाली.

गुरुजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. वेळेचा सोस त्या घराण्यातच असावा. "अकराचा कार्यक्रम म्हणजे अकराचा! उशीर म्हणजे उशीर!" असं गरजता गरजता त्यांचा हात बंडीच्या आतल्या खिशात गेला, काडेपेटी घेऊन बाहेर आला, एका फटक्यात काडी पेटली, दुसऱ्या हाताची ओंजळ तिच्याभोवती वळली, मान जराशी तिरपी झाली. वर्गात वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी ओंजळ वळली. एका काडीत पाच वाती लागल्या. गुरुजींनी काडी झटकून विझवली, विझलेली काडी पेटीत परत ठेवली, पेटी खिशात ठेवली. आणि तिथेच थिजले.

कोणीतरी म्हातारी म्हणाली, "अगा माय वं! गुरुजी बी?"

आणि मग धरण फुटलं. खसखस, मग हशा, मग फटाफट खिशांतून पेट्या बाहेर. जो तो आपली पेटी उंच करून दाखवत होता. एक सून सासऱ्याला म्हणत होती, "मालूम होतं मले मामाजी, चादरीले भोकं काय उंदरानं पाडले?" मी माइक हातात घेऊन उभी होते आणि मला कार्यक्रमपत्रिकेत पुढे काय आहे ते आठवत नव्हतं.

हसत नव्हते दोघंच. टाइमकीपर पांढरेफटक पडले होते. पण नियम म्हणजे नियम. ज्याची माचिस निघाली त्याचा फॉर्म भरायचा. त्यांनी माझ्या टेबलावरून एक कोरा फॉर्म उचलला, मंचाच्या मागे दादासमोर जाऊन बसले आणि मान खाली घालून विचारू लागले. कागद पुरवायला मी जवळच होते.

"वय?"

"तुले मालूम नाही का?"

"विचारा लागते दादा. वय?"

"चौऱ्याहत्तर."

"बिडी कितव्या वर्षापासून?"

गुरुजींनी भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्याकडे पाहिलं. "मास्तरकीच्या ट्रेनिंगले होतो तवापासून. एकोनवीस."

टाइमकीपरांनी एकोणीस लिहिलं आणि पेन थांबलं. टेबलाखाली त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरताना मला दिसला. मीही तोच हिशेब करत होते. हे वीस वर्षांचे, तेव्हा दादा तीस वर्षांचे. तेव्हाच त्यांना बिडी ओढायला लागून अकरा वर्षं झाली होती. वडील माळकरी. गोठ्यातल्या दिवळीतलं ते बंडल कोणाचं होतं, हे आता फॉर्मवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने पेन पुढे सरकलं. "रोजच्या किती?"

फॉर्म पूर्ण झाल्यावर गुरुजी म्हणाले, "तुहा कुठे हाय?"

"मी नाही पेत, दादा."

"पायमोज्यात काय हाय? आयुष्यभर पोरायचे खिसे तपासले मी. चव्वेचाळीस वर्षांपासून तुह्या बुशशर्टाचे भोकं पाहून राहिलो." मग आवाज उतरला. "मले त्या मशीनीचा भेव वाटते गा. तू येशीन तर येतो, नाही तर नाही."

अशा रीतीने तो फॉर्म भरला गेला. मी शंभर वेळा सांगून जे झालं नाही ते थोरल्याच्या भीतीने झालं. नातेवाइकाच्या रकान्यात दोघांनी एकमेकांची नावं लिहिली.

गुरुजींच्या फोटोत लहानपणच्या क्षयाचा एक जुना डाग निघाला, काळजीचा नव्हे. टाइमकीपरांच्या उजव्या फुप्फुसात वाटाण्याएवढी गाठ निघाली. पुढच्या तपासण्या झाल्या. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टरांनी समजावलं की या गाठीचा खोकल्याशी संबंध नाही, खोकला बिडीचा, ही गाठ मुकाट होती, स्कॅन काढला म्हणूनच दिसली. टाइमकीपर विचार करून म्हणाले, "म्हंजे बोंबलत होता तो वेगळा, आन गुपचूप बसला होता तो वेगळा." हे बोलताना त्यांनी दादाकडे पाहिलं नाही. मीच पाहिलं.

ऑपरेशन झालं, फुप्फुसाचा एक तुकडा काढला, माणूस घरी आला. दोघांचीही बिडी सुटली. टाइमकीपर आता ठेल्यावर तोंडात लवंग धरून बसतात, वेळा सांगतात आणि लोकांना माचिस मागतात. बरे झाल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं, तर गावी जाऊन त्या म्हाताऱ्या सालदाराच्या पाया पडले. चव्वेचाळीस वर्षं ज्याच्यावर आळ घेतला त्याने बिडी आयुष्यात ओढली नव्हती. तो खर्रावाला निघाला. त्याला तिथूनच मोटारसायकलवर बसवून यांनी तोंडाच्या खोलीत आणून सोडलं.

पण मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या सकाळचं. वेळ नऊची होती. टाइमकीपर हिरव्या कपड्यात स्ट्रेचरवर पडले होते आणि हातातलं घड्याळ काढून त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. गुरुजी स्ट्रेचरची कड धरून उभे होते. रात्रभर झोपले नसावेत. शेवटी म्हणाले, "तो बंडल... गोठ्यातला... माहा होता गा."

"मालूम हाय, दादा."

"कोनं सांगितलं?"

"तुमीच. एकोनवीस म्हून. फॉर्म कोनं भरला तुमचा?"

गुरुजी स्ट्रेचरवर वाकले. "मंग बोलला काहून नाही?"

"तुमी चव्वेचाळीस वर्षं दम धरला. माहे तर आता कुठे वीस दिवस झाले."

गुरुजींनी हात उचलला आणि धाकट्या भावाच्या गालावर ठेवला. रडायलाही येणार नाही असं मी ज्यांना बजावलं होतं, त्यांच्यासमोरच मी रडत होते.

"हा नाही, दादा," टाइमकीपर म्हणाले, "थापड या गालावर बसली होती." आणि त्यांनी मान वळवून दुसरा गाल पुढे केला.

गुरुजींनी हात तिकडे नेला. नर्स दोनदा म्हणाली, "बाबा, बाजूला व्हा, उशीर होतोय." घड्याळ माझ्याच हातात होतं. नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती आणि त्या दोघांपैकी कोणालाही घाई नव्हती.